कौल मागणारे आणि कौल वळवून घेणारे

यरीहो शहराला वेढा पडण्याच्या आधीचा एक प्रसंग बायबलमधील ‘यहोशवा’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी अवघ्या तीन वचनांत सांगितलेला आहे. इस्राएलचा सेनानायक यहोशवा नजर वर करून पाहतो, तर समोर उपसलेली तलवार हाती धरून एक पुरुष उभा आहे. कोणताही सेनानायक विचारील तेच यहोशवा विचारतो : तू आमच्या बाजूचा की आमच्या शत्रूंच्या? या प्रश्नाला दोनच उत्तरे संभवतात, आणि मिळते ते तिसरेच. ‘नाही’, असे तो पुरुष म्हणतो. मी परमेश्वराच्या सेनेचा सेनापती म्हणून आलो आहे. मूळ हिब्रूत हा ‘लो’ असा एकाक्षरी नकार आहे. यहोशवा भूमीवर पालथा पडून स्वामीची आज्ञा विचारतो, तेव्हा त्याला लढाईचा बेत सांगितला जात नाही. पायांतल्या वहाणा काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे, एवढेच सांगितले जाते.

मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या माणसाला यरीहोच्या कोसळणाऱ्या भिंती लहानपणापासून पाठ असतात. सात दिवसांच्या फेऱ्या, सात याजकांची सात रणशिंगे, शेवटचा गजर आणि धडाधड पडणारा तट यांवरची प्रवचने आणि गाणी मी इतकी ऐकली आहेत की त्यांची गणती करता येणार नाही. आजारपण, कर्ज, व्यसन, बेकारी या साऱ्यांना ‘तुमच्या जीवनातील यरीहो’ म्हणण्याची आमच्या व्यासपीठावर रीतच पडून गेली आहे. त्या मानाने, तट पडण्याआधी उच्चारलेल्या या एकाक्षरी नकारावर प्रवचन क्वचितच होते, आणि माझ्या मते त्या सबंध पुस्तकाची किल्ली त्या नकारात आहे.

हा केवळ रविवारच्या उपासनेपुरता प्रश्न असता तर तो जाहीरपणे मांडण्याचे कारण नव्हते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर, २८ ऑक्टोबर रोजी इस्रायलच्या पंतप्रधानांनी देशाला उद्देशून बोलताना ‘अमालेकाने तुमचे काय केले ते आठवा’ या शास्त्रवचनाचा आधार घेतला. अमालेक म्हणजे ज्याचा समूळ नाश करावा असे शास्त्रात सांगितलेला इस्राएलचा जुना शत्रू. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने तेच वाक्य आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे वंशसंहाराच्या हेतूचा पुरावा म्हणून वाचून दाखवले, तर पंतप्रधानांच्या कार्यालयाने त्याचा रोख केवळ हमासकडे होता असा खुलासा केला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, रशियाच्या ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखांच्या अध्यक्षतेखालील एका परिषदेने युक्रेनवरील युद्धाला ‘पवित्र युद्ध’ असे संबोधणारा दस्तऐवज संमत केला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या डोंगराळ कनानातल्या लढायांची भाषा आज रणगाड्यांच्या आणि विमानांच्या मागे उभी केली जाते, तेव्हा ती भाषा मुळात काय म्हणत होती हे पाहण्याचे कर्तव्य तिला पवित्र मानणाऱ्यांवर सर्वांत आधी येते. माझे म्हणणे असे आहे की प्राचीन इस्राएलच्या ग्रंथांत दैवी मार्गदर्शन हा युद्धाचा परवाना नाही. ती मार्गदर्शन मागणाऱ्याची परीक्षा आहे, आणि ज्याला ‘नाही’ ऐकायचे नाही त्याने मागितलेला कौल या ग्रंथांच्या दृष्टीने कौलच नव्हे.

आधी एक भ्रम दूर करायला हवा. देव आपल्या बाजूने लढतो ही कल्पना एकट्या इस्राएलची नव्हती. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे काळ्या बसाल्टचा एक कोरीव दगड सापडला, जो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इ.स.पू. नवव्या शतकातील मवाबाचा राजा मेशा त्यात सांगतो की इस्राएलच्या अम्री राजाने मवाबाला दीर्घकाळ पिडले, कारण मवाबाचा देव कमोश आपल्याच देशावर रागावला होता. मग कमोशाने त्याला सांगितले : जा, इस्राएलाकडून नबो घे. मेशा रात्री निघाला, पहाटेपासून दुपारपर्यंत लढला, नगर घेतले आणि तेथील सात हजार स्त्रीपुरुषांना ठार केले, कारण ते नगर त्याने देवाला वाहिलेले होते. त्या ‘वाहण्या’साठी मेशाने वापरलेले क्रियापद ‘हेरेम’ (देवाला वाहून समूळ नष्ट करणे) या शब्दाच्याच धातूचे आहे, म्हणजे यहोशवाच्या पुस्तकात यरीहोसाठी येणाऱ्या शब्दाचे. पराभव हा देवाच्या कोपाचा परिणाम, स्वारी ही देवाची आज्ञा आणि शत्रूचे नगर म्हणजे देवाला द्यायची आहुती, अशी ही सारी मांडणी मवाबात आणि इस्राएलात सारखीच होती. तेव्हा ‘देवाने आम्हाला सांगितले’ या वाक्यात इस्राएलचे वेगळेपण शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. वेगळेपण आहे ते पुढे, त्या वाक्याची झाडाझडती घेण्यात.

कोकणातल्या वाचकाला ‘कौल लावणे’ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पेरणीपूर्वी किंवा लग्न ठरवताना ग्रामदेवतेला पाकळ्या लावून उजवा की डावा हे पाहण्याची रीत त्याच्या परिचयाची आहे. इस्राएलातही युद्धापूर्वी परमेश्वराला विचारण्याची अशीच साधने होती. याजकाच्या एफोद नावाच्या वस्त्राशी निगडित उरीम व थुम्मीम ही त्यांपैकी मुख्य, आणि जुन्या करारातील पहिल्या शमुवेलाच्या चौदाव्या अध्यायाचे प्राचीन ग्रीक भाषांतर पाहिले तर त्यांचे काम चिठ्ठ्यांसारखे चाले असे दिसते : दोष राजाकडे असेल तर उरीम निघो, लोकांकडे असेल तर थुम्मीम. शिवाय स्वप्ने होती आणि संदेष्टे होते. या पद्धतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उत्तर ‘हो’ आणि ‘नाही’ यांखेरीज तिसरेही असू शकत असे, ते म्हणजे मौन. त्याच अध्यायात इस्राएलचा राजा शौल आपल्या शत्रूंचा, पलिष्ट्यांचा, पाठलाग करू का म्हणून विचारतो आणि त्या दिवशी त्याला काहीच उत्तर मिळत नाही. आयुष्याच्या अखेरीस गिलबोवाच्या लढाईपूर्वी तर स्वप्ने, उरीम आणि संदेष्टे या तिन्ही वाटा त्याला बंद होतात. हे मौन त्याला सोसत नाही, आणि ज्या भुताळणींना त्याने स्वतःच देशातून हाकलले होते त्यांपैकीच एकीच्या दारात, एन-दोर येथे, तो वेषांतर करून रात्री जाऊन उभा राहतो.

शौलाची शोकांतिका खरे तर त्याच्याही आधी सुरू होते, आणि ती एका वाक्यात नोंदलेली आहे. पलिष्ट्यांच्या छावणीत गोंधळ वाढू लागलेला असतो, याजक कौल घेण्याच्या तयारीत असतो, आणि शौल त्याला म्हणतो : हात आवर. संधी निसटत होती. देवाचे उत्तर ऐकण्याइतकी सवड राजाला नव्हती. हे वाक्य लिहिणाऱ्याने त्यावर कसलीही टीका केलेली नाही, आणि तिची आवश्यकताही नाही. ज्याला निर्णय आधीच घ्यायचा असतो त्याला विचारणे हा उपचार वाटतो, आणि उपचार वेळखाऊ ठरला की तो गुंडाळून ठेवला जातो.

‘शास्ते’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात याच दोषाचे अधिक भीषण रूप आहे. बन्यामीन वंशाच्या गिबा नगरात एका लेव्याच्या (मंदिरसेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातील माणसाच्या) उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो आणि पहाटे ती दारात मरून पडलेली असते. सारे इस्राएल शस्त्र घेऊन एकत्र येते. बन्यामीन अपराध्यांना स्वाधीन करण्यास नकार देतात. आणि आपसातले युद्ध पेटते. लोक बेथेलला जाऊन देवाला विचारतात, पण काय विचारतात ते नीट पाहावे. ‘आम्ही लढावे काय?’ असा प्रश्न कोणीच करीत नाही. ‘आमच्यापैकी प्रथम कोणी चढाई करावी?’ असा तो प्रश्न आहे. उत्तर मिळते, ‘यहूदाने’, आणि त्या दिवशी इस्राएलाचे २२ हजार पुरुष धुळीला मिळतात. मग लोक संध्याकाळपर्यंत रडतात आणि प्रश्न बदलतो : आमचा बंधू बन्यामीन याच्याशी आम्ही पुन्हा लढावे काय? ‘बंधू’ हा शब्द आता प्रथमच त्यांच्या तोंडी आलेला आहे. उत्तर येते, ‘जा’, आणि आणखी १८ हजार पडतात. तिसऱ्या वेळी सारे लोक उपवास करतात, अर्पणे करतात आणि विचारतात : पुन्हा जावे की थांबावे? थांबण्याची शक्यता प्रश्नात आली ती या तिसऱ्या खेपेस, आणि विजयाचे वचनही याच खेपेस मिळाले. आधीच्या दोन उत्तरांत ते नव्हते.

ही कथा लिहिणारा माणूस कोणी भाबडा भाविक नव्हता. देवाने ‘जा’ म्हटले म्हणजे जय निश्चित, हे समीकरण त्याने चाळीस हजार प्रेतांच्या साक्षीने मोडून टाकले आहे. आणि तिसऱ्या दिवसाचा विजय तरी कसला? बन्यामीनाचे फक्त सहाशे पुरुष रिम्मोनच्या खडकावर जीव वाचवून राहतात. मग तेच विजयी लोक पुन्हा बेथेलला येऊन हंबरडा फोडतात की हे परमेश्वरा, आज इस्राएलातून एक वंश नाहीसा व्हावा असे का घडले. जणू ते घडवणारे हात त्यांचे नव्हतेच. या प्रश्नाला देव उत्तर देत नाही. उरलेल्या सहाशेंना बायका मिळाव्यात म्हणून ते याबेश-गिलादवर स्वतःच्याच मनाने ‘हेरेम’ लादतात, तिथल्या विवाहित स्त्रियांना आणि मुलांनाही मारतात, चारशे कुमारिका उचलून आणतात आणि उरलेल्यांसाठी शिलो येथील उत्सवातून नाचणाऱ्या मुली पळवण्याची मुभा देतात. यातल्या कशासाठीही कौल घेतला गेल्याची नोंद नाही. एका स्त्रीवरील अत्याचाराचा सूड म्हणून सुरू झालेले युद्ध शेकडो स्त्रियांच्या अपहरणात संपते, आणि पुस्तक तिथेच संपते : त्या काळी इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरे दिसे ते तो करी. स्वतःच्या पूर्वजांविषयी असे लिहून ते पवित्र शास्त्रात जपून ठेवणाऱ्या समाजाबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

कराराच्या कोशाची, म्हणजे देवाच्या सान्निध्याचे चिन्ह मानलेल्या पवित्र पेटीची, कथा याच जातीची आहे. पलिष्ट्यांकडून चार हजार माणसे मारली गेल्यावर इस्राएलाचे वडील आपण कोठे चुकलो हे विचारत बसत नाहीत. ते शिलोहून कोश मागवतात, म्हणजे तो आमच्यामध्ये येऊन आम्हाला वाचवील. कोश छावणीत येताच असा जयघोष होतो की भूमी दणाणते. त्यानंतरच्या लढाईत तीस हजार पडतात आणि कोश शत्रूच्या हाती जातो. वृद्ध याजक एली बातमी ऐकून आसनावरून मागे पडतो आणि मरतो. त्याची सून प्रसववेदनांत प्राण सोडताना बाळाचे नाव ‘ईखाबोद’ ठेवते, म्हणजे वैभव गेले. देवाचे चिन्ह सैन्याच्या पुढे नेता येते, पण देवाला नेता येत नाही, असे याहून कठोर शब्दांत कोणत्या नास्तिकानेही सांगितले नसेल. ‘शास्ते’मधील गिदोन या सेनानायकाचे ३२ हजारांचे सैन्य गाळून गाळून तीनशेवर आणले जाते, त्यामागचे कारणही मजकुरातच दिले आहे : नाहीतर इस्राएल माझ्यापुढे फुशारकी मारील की माझ्याच हाताने मला वाचवले.

राजांचा काळ आला तसे कौल देणारे पगारी झाले. रामोथ-गिलादवर स्वारी करण्यापूर्वी इस्राएलच्या अहाब राजापुढे चारशे संदेष्टे एका सुरात ‘जा, यशस्वी हो’ म्हणतात. त्यांतला एक तर लोखंडी शिंगे करून आणतो. यहूदाचा राजा यहोशाफाट याला ते एकमत खटकते. आणखी कोणी नाही का, असे तो विचारतो, तेव्हा अहाब म्हणतो की एक मीखाया आहे, पण मी त्याचा द्वेष करतो, कारण तो माझ्याविषयी कधी बरे भाकीत करीत नाही. मीखायाला आणायला गेलेला दूत वाटेत त्याला समजावतो की सगळे राजाला अनुकूलच बोलले आहेत, तूही तसेच बोल. मीखाया अखेर जे पाहिले तेच सांगतो : मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे इस्राएल डोंगरांवर पांगलेले मी पाहिले. त्याला तुरुंगात टाकले जाते. अहाब वेष पालटून रणात उतरतो आणि सहज सोडलेल्या एका बाणाने मरतो. चारशे विरुद्ध एक, आणि एक खरा. पुढे मीखा नावाचा दुसरा संदेष्टा या साऱ्या व्यवसायावर एकाच वचनात बोट ठेवतो : यांच्या तोंडी घास घातला की हे ‘शांती’ म्हणून पुकारतात, आणि जो काही घालत नाही त्याच्याविरुद्ध हे युद्ध ‘पवित्र’ करतात. हिब्रूतला ‘युद्ध पवित्र करणे’ हा वाक्प्रयोग शब्दशः असा विकाऊ संदेष्ट्यांच्या संदर्भात येतो, हे मॉस्कोतल्या त्या दस्तऐवजावर सह्या करणाऱ्यांना कोणीतरी वाचून दाखवायला हवे होते.

आता सर्वांत अवघड भागाकडे वळतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाचा विसावा अध्याय युद्धाचे नियम सांगतो, आणि त्यांतले काही नियम मन हेलावून टाकणारे आहेत. ज्याने नवे घर बांधले पण अजून त्यात राहिला नाही, ज्याने द्राक्षमळा लावला पण फळ चाखले नाही, ज्याची सोयरीक झाली पण लग्न झाले नाही, त्या प्रत्येकाने घरी जावे. आणि ज्याला भीती वाटते त्यानेही जावे. नगराला वेढा घालताना फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, कारण रानातले झाड म्हणजे काय माणूस आहे, की त्याला वेढा घालावा? पण फळझाडाला अभय देणाऱ्या त्याच अध्यायात, त्या वचनांच्या लगेच आधी, कनानातील राष्ट्रांच्या नगरांत कोणताही प्राणी जिवंत ठेवू नये अशी आज्ञा आहे. शौलाला अमालेकाविषयी मिळालेल्या आज्ञेत तर पुरुष, स्त्रिया, मुले आणि तान्ही बाळे अशी यादी करून सांगितले आहे.

या वचनांतून सुटण्याच्या ज्या वाटा आम्ही भाविक मंडळी काढतो, त्यांपैकी दोन मला पटत नाहीत. पहिली रूपकाची : कनानी म्हणजे आपल्या मनातली पापे. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित ओरिगेनपासून ही वाट मळलेली आहे, आणि आमची ‘जीवनातील यरीहो’ची प्रवचने तिच्यावरूनच चालतात. पण तान्ह्या बाळाला पापाचे रूपक करून टाकले की मग खरे तान्हे बाळ आपल्या नजरेआड होते. मला यात उपासनेपेक्षा पळवाट अधिक दिसते. दुसरी वाट पुरातत्त्वाची. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांच्या १९५२ ते १९५८ च्या उत्खननांनंतर बहुतेक अभ्यासक मानतात की यरीहोचा मोठा तटबंद वसाहतकाळ इ.स.पू. १५५० च्या सुमारास संपला आणि यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळी तिथे तटबंद शहर नव्हते. आय नगर म्हणून ओळखली जाणारी टेकडी तर त्यापूर्वी हजारभर वर्षे ओसाड होती. हासोर मात्र तेराव्या शतकात खरोखरच जळून खाक झाले. ‘शास्ते’चा पहिलाच अध्याय न जिंकलेल्या नगरांची लांबलचक यादी देतो, आणि ‘अनुवाद’ सातव्या अध्यायात समूळ नाशाची आज्ञा देऊन लगेच त्याच लोकांशी सोयरीक करू नका असे बजावतो. नाश झालेल्यांशी सोयरीक करणार तरी कोण? या भाषेत अतिशयोक्ती आहे, आणि तिचा बराचसा भाग अश्शूर साम्राज्याच्या टाचेखाली असलेल्या यहूदाच्या काळात घडला असावा, हे अनेक अभ्यासकांचे मत मला ग्राह्य वाटते. तरीही त्याने नैतिक प्रश्न सुटत नाही. घटना घडली नसेल. वचन मात्र लिहिले गेले, वाचले गेले, आणि सतराव्या शतकात अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या प्युरिटन धर्मोपदेशकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेक ठरवले, तेव्हा त्यांच्या हाती पुरातत्त्वाचा अहवाल नव्हता, हे वचन होते.

मला प्रामाणिक वाटणारी वाट एकच आहे : हे शास्त्र स्वतःशीच वाद घालते हे मान्य करणे, आणि त्या वादात उतरणे. सेनापती येहूने इज्रेल येथे अहाबाचे घराणे कापून काढले, तेव्हा ‘राजे’ या पुस्तकानुसार परमेश्वराने त्याची वाखाणणी केली. शंभरेक वर्षांनी होशेय संदेष्टा परमेश्वराच्याच नावाने सांगतो की इज्रेलच्या रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याचे शासन करीन. एकच कत्तल आहे. एका पिढीत तिला शाबासकी मिळाली आणि दुसऱ्या पिढीत तिच्यावर खटला भरला गेला, आणि दोन्ही निकाल एकाच ग्रंथसंग्रहात जपून ठेवले गेले. आमोस संदेष्टा शेजारच्या राष्ट्रांचे अपराध मोजतो : गिलादातल्या गर्भवतींना चिरणे, अख्ख्या वस्तीला गुलाम म्हणून विकणे. मवाबाचा अपराध तर असा की त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केला. इथे मारणाराही परका आणि मेलेलाही परका, तरी इस्राएलचा देव त्याचा हिशेब मागतो. अरामी सैन्य आंधळे होऊन शोमरोनात हाती लागते तेव्हा राजा विचारतो, मारू का, मारू का. अलीशा संदेष्टा म्हणतो, यांच्यापुढे भाकर आणि पाणी ठेव. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात राजा दावीद सांगतो की मंदिर बांधण्याची त्याची इच्छा परमेश्वराने नाकारली, कारण त्याने फार रक्त सांडले होते. लक्षात घ्यावे की ही तीच युद्धे, ज्यांना एकेकाळी ‘परमेश्वराच्या लढाया’ म्हटले गेले. त्या लढणारा हात मंदिराच्या दगडाला चालला नाही.

यहूदी रब्बींनी हाच वाद पुढे नेला, आणि तोही अमालेकाच्या आज्ञेवरच. बाबिलोनी तालमूद या यहूदी धर्मचर्चेच्या संग्रहाच्या योमा या भागात शौल ती आज्ञा ऐकून युक्तिवाद करतो असे दाखवले आहे : माणसांनी पाप केले असेल, पण गुरांनी काय केले? मोठ्यांनी केले असेल, पण लहानांनी काय केले? त्याला आकाशवाणी सांगते की फाजील धार्मिक होऊ नकोस. पण पुढे तोच शौल नोब येथील याजकांची कत्तल करायला सांगतो, तेव्हा आकाशवाणी म्हणते, फाजील दुष्ट होऊ नकोस. शौलाचा प्रश्न त्यांनी खोडून टाकला नाही, त्याला पानावर जागा दिली. बाराव्या शतकात मैमोनिदीस या यहूदी धर्मशास्त्र्याने तर नियमच लिहिला की कोणाशीही, मग ते कनानी असोत वा अमालेकी, आधी तहाचे बोलणे केल्याशिवाय युद्ध करता येत नाही. आणि नाशाच्या आज्ञेतल्या सात कनानी राष्ट्रांची आठवणही आता लोपली आहे, असेही त्याने लिहिले.

दैवी मार्गदर्शनाचा सर्वांत कडवट अनुभव मात्र यरुशलेमेच्या तटावर आला. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. निनवेच्या राजवाड्यात लाखीश नगराच्या पाडावाची त्याने कोरवून घेतलेली चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहता येतात, आणि यहूदाच्या हिज्कीया राजाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडल्याचे त्याच्या लेखात नमूद आहे. त्याचा अधिकारी रब-शाके तटाखाली उभा राहून, लोकांना समजावे म्हणून मुद्दाम यहूदी भाषेत ओरडतो : मी काय परमेश्वराच्या आज्ञेवाचून आलो आहे? परमेश्वरानेच मला सांगितले की या देशावर चढाई कर आणि त्याचा नाश कर. देवाचा कौल आता शत्रूच्या तोंडी होता. त्या वेळी यरुशलेम वाचले. पण यशया संदेष्ट्याने रब-शाकेचे म्हणणे अर्धे खरे मानले होते. अश्शूर ही माझ्या कोपाची काठी आहे, असे त्याच्या देवाने म्हटले होते, आणि काठीने स्वतःला धरणाऱ्या हाताहून मोठे समजू नये, असेही.

शंभराहून अधिक वर्षांनी बाबेलचे सैन्य आले, तेव्हा यहूदी जनतेला ती सुटका आठवत होती आणि परमेश्वराच्या मंदिराला कोणी हात लावू शकत नाही अशी तिची खात्री होती. हनन्या संदेष्ट्याने दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल असे परमेश्वराच्या नावाने जाहीर केले आणि बाबेलच्या अधीनतेची खूण म्हणून यिर्मया संदेष्ट्याने मानेवर घातलेले लाकडी जू सर्वांसमक्ष मोडून टाकले. यिर्मया मात्र वेढा पडलेल्या नगरात फिरून सांगत होता की शरण जा. परमेश्वर स्वतः, उगारलेल्या हाताने, तुमच्याविरुद्ध लढणार आहे. मिसरातून सुटका करणाऱ्या देवाविषयी जी शब्दकळा शतकानुशतके वापरली गेली होती, तीच यिर्मयाने उलटी फिरवली. सरदारांनी त्याला सैनिकांचे धैर्य खचवणारा म्हणून चिखलाने भरलेल्या विहिरीत सोडले. चिंध्या बगलेत धरायला देऊन दोरांनी त्याला वर काढले ते एका कूशी, म्हणजे परदेशी, सेवकाने. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर जळाले. बंदिवासात गेलेल्या लोकांनी आपले शास्त्र संकलित केले तेव्हा हनन्याची भाषणे त्यांनी जपली नाहीत. त्याला एक अध्याय मिळाला, तोही खोटा संदेष्टा म्हणून. जपले ते देशद्रोही ठरवलेल्या माणसाचे पुस्तक.

म्हणून, आज कोणी सत्ताधीश, मग तो यरुशलेमेत असो, मॉस्कोत असो किंवा आणखी कोठे, शास्त्रातला शत्रू नकाशावर बोटाने दाखवतो, तेव्हा माझी हरकत केवळ मानवी हक्कांच्या भाषेतली नाही, जरी ती भाषाही मला तितकीच मोलाची आहे. माझी हरकत त्या शास्त्राच्या वतीने आहे. त्याला चारशेंचा सूर ऐकू येतो, मीखाया कोठे आहे? त्याने ‘प्रथम कोणी जावे’ असे विचारले की ‘जावे काय’ असे? त्याच्या कौलात मौनाला जागा होती काय? हे प्रश्न बाहेरून आणलेले नाहीत. ते त्याच पानांत आहेत ज्यांतून तो वचन उचलतो. आणि त्याच्या बॉम्बखाली सापडलेल्यांचा, तसेच ७ ऑक्टोबरच्या पहाटे घराघरांत मारल्या गेलेल्यांचाही, हिशेब आमोसाचा देव मागतोच.

सन्हेरीबाचे नाव पुढे एकदा फार वेगळ्या ठिकाणी निघाले. दुसरे मंदिरही रोमनांनी जाळून टाकल्यानंतरच्या काळातली, मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाच्या यादायिम या भागात नोंदलेली ही गोष्ट आहे. यहूदा नावाचा एक अम्मोनी, ज्याने यहूदी धर्म स्वीकारला होता, विद्वानांच्या सभेत येऊन उभा राहिला आणि मला मंडळीत प्रवेश आहे काय असे त्याने विचारले. अम्मोनी मनुष्य परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंतही येऊ नये, असे ‘अनुवाद’ या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि गमलीएल या रब्बीने तसेच उत्तर दिले. यहोशवा नावाच्या रब्बीने ते नाकारले. अम्मोनी आणि मवाबी आज आपल्या जागी उरले आहेत तरी कोठे, असे त्याने विचारले. सन्हेरीब आला आणि त्याने सारी राष्ट्रे एकमेकांत मिसळून टाकली, आता कोण कोण आहे हे कोणाला सांगता येणार? त्यावर गमलीएलने वचने काढली, यहोशवाने त्यांना वचनांनीच उत्तर दिले, आणि सभेने त्या अम्मोन्याला आत घेतले.